एल सालेर : अलीकडे समुद्र, पलीकडे सरोवर

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या दक्षिणेला, सिटी बसने जाता येईल इतक्या जवळ हा किनारा आहे. पुळण, वाळूच्या टेकड्या, मग देवेसाचं पाइनचं बन आणि त्यामागे अल्बुफेराचं उथळ, आता गोड्या पाण्याचं सरोवर. बन बघून कोकणातलं सुरूचं बन आठवेल, पण सुरू पाइनच्या कुळातला नव्हे.

या बनाच्या जागी इमारतींचं जंगलच व्हायचं! 1960 च्या दशकात बांधकामासाठी टेकड्या सपाट केल्या गेल्या. नागरिकांच्या विरोधामुळे पुढे बहुतेक बेत बारगळला, 1986 मध्ये नैसर्गिक उद्यान घोषित झालं. आजच्या बऱ्याच टेकड्या पुन्हा रचलेल्या आहेत. मुलांना त्यांवर घसरगुंडी खेळू देऊ नका, लाकडी वाटेनेच जा.

सरोवराचं पाणी ‘गोला’ म्हणजे दारं बसवलेल्या कालव्यांतून समुद्रात सोडतात. ही दारं भातशेतीच्या गरजेनुसार उघडतात. पायेया हा भाताचा पदार्थही याच भागातला. अस्सल व्हॅलेन्सियन पायेयात मासळी नसते, कोंबडी आणि सशाचं मांस असतं. एल पाल्मार गावातून संध्याकाळची होडी घ्या. जुलै-ऑगस्टचे रविवार मात्र टाळा.