अमरावतीचा रॅप, वऱ्हाडीचा ठेका

२०२३ च्या अखेरीस एमटीव्हीवर ‘हसल’ या रॅप स्पर्धेचं तिसरं पर्व सुरू होतं. परीक्षक बादशाह, संघांचे प्रमुख इक्का, डिनो जेम्स, ईपीआर आणि डी एमसी. अशा मंचावर अमरावतीचा सौरभ अभ्यंकर उभा राहिला आणि मराठी-हिंदी मिसळत, आपल्याकडच्या वळणानं रॅप करू लागला. आपलं नाव तो शंभराचा आकडा आणि पुढं आर, बी, एच ही इंग्रजी अक्षरं असं लिहितो. हिंदीतल्या ‘सौ’मुळं ते सौरभ असंच वाचलं जातं.

या घटनेचं मोल वऱ्हाडी माणसाला चटकन कळतं. वर्षानुवर्षं नाटकात, सिनेमात आणि मालिकांत वऱ्हाडी बोलणारं पात्र आलं की प्रेक्षकानं हसायचं, असा जणू करारच झालेला. गडी, हवालदार, नाहीतर मुंबईत येऊन बावचळलेला कुणी पाहुणा. सौरभच्या रॅपमध्ये जात आहे, संविधान आहे, बाबासाहेब आहेत. तिथं कुणी हसत नाही.

बोलीनं रॅपला दिलं काय, तेही पाहण्यासारखं आहे. रॅपची ओळ साधारण चार ठोक्यांत बसते. त्या चार ठोक्यांत किती अक्षरं कोंबायची, कुठं श्वास घ्यायचा आणि यमक कुठं आदळवायचं, यातच सारी कारागिरी. ‘मला माहीत आहे’ हे प्रमाण मराठीतलं वाक्य शेवटी रेंगाळतं. ‘मले मालूम हाय’ म्हटलं की ‘हाय’ थेट ठोक्यावर पडतो. गावाकडच्या वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, त्यामुळं काळा ‘काया’ होतो आणि माया, छाया, पाया यांच्या रांगेत जाऊन बसतो. डोळ्याचा ‘डोया’ झाला की त्यालाही नवे सोबती मिळतात. यमकांचा एक अख्खा साठा प्रमाण भाषेत लिहिणाऱ्याला बंद असतो, तो इथं उघडा आहे. शिवाय ‘काय करून राह्यला बे’ या प्रश्नाला स्वतःचाच एक झोका आहे. तो वाद्याविना म्हणून पाहा, पाय आपोआप हलतो.

हिंदीची सरमिसळ काहींना खटकते. मला ती अस्सल वाटते. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाकडं, पुढं इंग्रजांकडं, १९०३ पासून हिंदी चालणाऱ्या मध्य प्रांताला जोडलेला, आणि १९५६ पर्यंत त्याची राजधानी नागपूर. अकोल्याच्या बाजारात एकाच वाक्यात दोन भाषा येतात, त्या काही रॅप ऐकून आलेल्या नाहीत.

आणि तालावर बोलून माणसं जागी करणं तर या मातीत जुनंच. शेंडगावच्या गाडगेबाबांचं कीर्तन म्हणजे श्रोत्यांना प्रश्नावर प्रश्न, आणि उत्तर त्यांच्याच तोंडून. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याला झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं, म्हणून तो आवाज आज ऐकता येतो. यावलीच्या तुकडोजी महाराजांना खंजिरी पुरे होत असे. अमरावतीत अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहासाठी नोव्हेंबर १९२७ मध्ये परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी डॉ. आंबेडकर होते. पुढं वामनदादा कर्डकांसारख्या शाहिरांच्या गाण्यांनी आंबेडकरांचा विचार वस्तीवस्तीत नेला. सौरभचा रॅप मी या ओळीत ऐकतो. अमेरिकेतल्या ब्रॉन्क्समधून आलेला ठेका त्यानं घेतला, पण सांगायचं काय, ते त्याला घराजवळच सापडलं.

मुंबई-पुण्याची वाट मात्र वेगळी होती. डिव्हाइनचं ‘ये मेरा बॉम्बे’ २०१३ मध्ये आलं, नेझीबरोबरचं ‘मेरे गली में’ २०१५ मध्ये, आणि २०१९ च्या ‘गली बॉय’नं रॅप घराघरांत पोचवला. पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा एमसी स्टॅन २०२० मध्ये ‘तडीपार’ हा अल्बम घेऊन आला, २०२३ मध्ये ‘बिग बॉस’ जिंकला आणि त्याच वर्षी केशमिरबरोबर ‘हाथ वरती’ गायला. या मुलांना स्टुडिओ, कंपन्या आणि चित्रपटवाले शहरातच होते. अमरावतीहून मुंबई म्हणजे रात्रभराची गाडी. त्यामुळं इथल्या पोराची सुरुवात बहुधा घरातल्या खोलीत होते: लॅपटॉप, एक माइक, इंटरनेटवरून घेतलेला तयार ठेका आणि पंखा बंद करून केलेलं रेकॉर्डिंग, कारण पंख्याची घरघर आवाजात उतरते. मे महिन्यातल्या वऱ्हाडात पंखा बंद करणं म्हणजे काय, हे इथल्यांना सांगायला नको.

अशी गाणी सुटी सुटी येतात. एक गाणं यूट्यूबवर, दुसरं एखाद्या ॲपवर, तिसरं दुसऱ्याच कुणाच्या चॅनेलवर. चॅनेल बंद पडलं की गाणंही गेलं. कवी विठ्ठल वाघांचं ‘काळ्या मातीत मातीत’ १९८१ च्या ‘अरे संसार संसार’मध्ये आलं, तबकडीवर राहिलं आणि आजही लग्नाच्या मांडवात वाजतं. या नव्या रॅपला तशी तबकडी नाही. अमरावतीत गाडगेबाबांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. तिथल्या मराठी विभागानं ही गाणी मूळ ध्वनिमुद्रणासह, लिहिणाऱ्याच्या वहीतल्या ओळींसह आत्ताच जमवायला घ्यावीत. पोरं अजून गावातच आहेत, विचारलं तर वह्या आणून देतील.