हातांचें दुखणें : त्याचीं कारणें व उपाय

शेतकऱ्याचें मुख्य भांडवल म्हणजे त्याचे दोन हात. औत मोडलें तर तें दुरुस्त होतें. परंतु मुठीची शक्ति गेली म्हणजे ती बाजारांत विकत मिळत नाहीं. असें असूनही हातास मुंग्या येऊं लागल्या कीं "वात धरला" असें म्हणून तेल चोळावयाचें व स्वस्थ बसावयाचें, हा आपला परिपाठ आहे. दफ्तरांत सर्व रकमा एकाच सदरीं मांडल्या तर हिशेब जुळत नाहीं. तद्वत् सर्व दुखण्यांस वात म्हटल्यानें उपाय लागू पडत नाहीं.

शेवटच्या वाफ्यास पाणी पोहोंचलें नाहीं तर दोष वाफ्यांतच असतो असें नव्हे. पाट वर कोठें तरी अडलेला असतो. बोटांचेंही तसेंच आहे. मानेंतून निघणारे मज्जातंतु खांदा, कोपर व मनगट यांवरून बोटांपर्यंत जातात. यास्तव कोणतें बोट बधिर होतें हें पाहिल्यास अडथळा कोठें आहे याचा बराच अंदाज येतो.

आंगठा, तर्जनी व मधलें बोट यांस मुंग्या येऊन रात्रीं जाग येत असेल व हात झटकल्यावर बरें वाटत असेल, तर दाब बहुधा मनगटांत असतो. तेथील अरुंद मार्गांतून एक मज्जातंतु व बोटें मिटविणाऱ्या स्नायूंच्या ९ दोऱ्या एकत्र जातात. जोरानें तेंच तें काम केल्यामुळें तेथें सूज आली कीं मज्जातंतु चेपला जातो. मधुमेह, थायरॉईड ग्रंथीची मंदता व गर्भारपण यांतही असें होतें. करंगळी बधिर होत असेल तर दाब बहुधा कोपराशीं असतो. हात दुमडून उशाखालीं घेऊन निजल्यानें तो वाढतो. मान वळवितांच कळ हातांत उतरत असेल, तर मूळ मानेंत शोधावें.

मनगटाच्या विकारांत रात्रीं मनगट सरळ राहील अशी आधारपट्टी सुमारें ६ आठवडे बांधावी. ती आवळूं नये. विळ्यास धार ठेवावी, कारण बोथट विळा अधिक जोर मागतो. मूठ बारीक असल्यास चिंध्या गुंडाळून जाड करावी. धार काढतांना आंगठा दुमडूं नये. सबंध मुठीनें काढावी, म्हणजे सडासही इजा होत नाहीं. एकच काम दिवसभर न करितां आलटून पालटून करावें. जुना ताठरपणा कोमट पाण्यानें शेकावा. मात्र बधिर हात शेकण्यापूर्वीं पाण्याची उष्णता दुसऱ्या, चांगल्या हातानें पाहावी, नाहीं तर भाजल्याचेंही कळणार नाहीं.

आंगठ्याच्या मुळाचें मांस झडूं लागलें किंवा वस्तु हातून गळूं लागल्या, तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांस दाखवावें. लहानशा शस्त्रक्रियेनें मज्जातंतु मोकळा करितां येतो. परंतु फार उशीर झाल्यास गेलेली शक्ति पूर्ण परत येईलच असें नाहीं. अंगावर स्पर्श न कळणारा फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रांत कुष्ठरोगाची तपासणी करवावी. त्याचें औषध तेथें मोफत मिळतें व रोग बरा होतो. लपविल्यानें मात्र बोटें वांकडीं होतात. हातांत कळ येऊन छाती दडपली व घाम सुटला, तर तो हृदयाचा विकार समजून महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर तात्काळ रुग्णवाहिका बोलवावी.

शेवटीं एक विनंति. खुरपणी व वेंचणी हीं कामें बहुधा स्त्रियांच्या वाट्यास येतात, आणि मनगटाचा हा विकारही त्यांच्यांतच अधिक आढळतो. त्या सहसा तक्रार करीत नाहींत. तरी वाचकांनीं आपल्या घरीं आज एवढेंच विचारावें कीं, रात्रीं हातास मुंग्या येऊन कोणास जाग येते काय?