अंदाज आणि आठ कॉलम

पुण्यात रिक्षात बसून नुसतं ‘सिमला ऑफिस’ म्हटलं की पुढचा पत्ता सांगावा लागत नाही. हवामान खात्याचं कार्यालय 1928 साली सिमल्याहून शिवाजीनगरला आलं आणि येताना गावाचं नाव घेऊन आलं. पुण्याच्या वर्तमानपत्रात विज्ञानाच्या बातम्या देणाऱ्याची उमेदवारी बहुतेक वेळा याच कार्यालयाच्या चौकात सुरू होते. मान्सूनचा अंदाज जाहीर होतो दिल्लीत, पण त्यामागची आकडेमोड बरीचशी इथली. त्यामुळे एप्रिल उजाडला की वृत्तसंपादक विचारतो, ‘काय म्हणतंय सिमला ऑफिस?’ उत्तर त्याला चार शब्दांत हवं असतं.

‘विज्ञान प्रतिनिधी पाहिजे’ अशी जाहिरात मराठी वर्तमानपत्रात सहसा दिसत नाही. रानडे इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेला मुलगा किंवा मुलगी आधी पोलीस आयुक्तालयाच्या पायऱ्या झिजवते, मग महापालिका, मग शिक्षण. शिक्षणाच्या बीटला विद्यापीठ जोडलेलं असतं. विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ ही खगोलविज्ञानाची संस्था आहे, पलीकडे पाषाण रस्त्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था. हळूहळू या सगळ्या संस्था त्या बातमीदाराच्या गळ्यात पडतात. शहराबाहेर खडकवासल्याला जल व विद्युत संशोधन केंद्र आहे, 1916 पासूनचं. एवढ्या प्रयोगशाळा असलेल्या शहरात विज्ञानाचं बीट शिक्षणाच्या शेपटाला बांधलेलं असावं, याचं मला कायम नवल वाटत आलं आहे.

तसा मराठी वृत्तपत्राचा आणि विज्ञानाचा संबंध जन्मापासूनचा. 1832 साली ‘दर्पण’ काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनी पुढे 1840 मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक काढलं ते भूगोल, भौतिकशास्त्र असे विषय लोकांपर्यंत नेण्यासाठीच. कुलाब्याच्या वेधशाळेचं कामही त्यांनी पाहिलं. ‘सृष्टिज्ञान’ मासिक पुण्यात सुरू झालं 1928 मध्ये, म्हणजे सिमला ऑफिस आलं त्याच वर्षी. पुढे निरंजन घाटे यांच्यासारख्या लेखकांनी पुण्यात बसून विज्ञानावर शेकड्यांनी लेख लिहिले. पण हा सगळा वारसा समजावून सांगणाऱ्यांचा आहे. लेखकाला विषय पिकेपर्यंत थांबता येतं. बातमीदाराला रात्री पान सोडायच्या आत, अर्धवट कळलेल्या आणि अर्धवट सिद्ध झालेल्या गोष्टीवर कॉपी द्यायची असते.

मान्सूनच्या अंदाजाचंच पाहा. देशभरात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडणाऱ्या पावसाची दीर्घकालीन सरासरी आहे सुमारे 87 सेंटिमीटर. तिच्या 96 ते 104 टक्के पाऊस म्हणजे ‘सरासरीइतका’, 90 ते 95 म्हणजे ‘सरासरीपेक्षा कमी’, त्याखाली तूट. एप्रिलच्या अंदाजात पाच टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा धरलेली असते. समजा 98 टक्क्यांचा अंदाज आला. त्याचा खरा अर्थ 93 ते 103 यांत कुठेही. म्हणजे ‘कमी’ आणि ‘सरासरीइतका’ या दोन्ही खान्यांत तो बसतो. डेस्कवर मात्र हेडिंग तयार असतं: ‘यंदा पाऊस समाधानकारक’. पाच टक्क्यांची मुभा शेवटच्या परिच्छेदात जाते आणि जागा कमी पडली की पहिल्यांदा तोच परिच्छेद कापला जातो.

शिवाय हा आकडा देशाचा. लोणावळ्यात पुण्याच्या कित्येक पट पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातले शिरूर, बारामती, इंदापूर पर्जन्यछायेत कोरडे राहतात. इंदापूरच्या शेतकऱ्याला देशाच्या 98 टक्क्यांचा उपयोग काय? पण पेपर तोही वाचतो, आणि पेरणीचा विचार करताना वाचतो. चांगल्या बातमीदाराचा पहिला झगडा असतो तो डेस्कशी, ‘हा आकडा देशाचा आहे’ हे वाक्य पहिल्या परिच्छेदात टिकवण्यासाठी.

अंदाज म्हणजे हमी नव्हे, हे 2002 सालाने सगळ्यांना शिकवलं. शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं सोळा घटकांचं प्रारूप 1988 पासून वापरात होतं. अंदाज साधारणपणे ‘सरासरीइतका’ येत होता, पाऊसही त्याच्या आगेमागे पडत होता, आणि बातमी करणं म्हणजे आकडा बदलून जुनी कॉपी पुन्हा लावण्यासारखं झालं होतं. 2002 मध्ये अंदाज होता 101 टक्के. प्रत्यक्षात पडला 81. जुलैचा पाऊस तर जवळपास निम्म्यावर आला. दुसऱ्या वर्षी खात्याने प्रारूप बदललं. ‘हवामान खातं म्हणेल त्याच्या उलटं’ हा विनोद त्याआधीही होता, पण त्या उन्हाळ्यापावसाळ्याने त्याला बळ दिलं. माझ्या मते त्यातला थोडा दोष वर्तमानपत्रांचा होता. शक्यता म्हणून सांगितलेली गोष्ट भाकीत म्हणून छापली की चुकल्यावर हसं शास्त्रज्ञाचं होतं.

भाकीत म्हटल्यावर आतल्या पानावरच्या राशिभविष्याला वगळून चालणार नाही. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी 2008 मध्ये पुण्यात संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साथीने एक चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून 200 कुंडल्या जमवल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी निम्म्याच्या खाली आली, म्हणजे नाणं उडवून जे जमलं असतं तेवढंही नाही. विज्ञानाची बातमी देणाऱ्याने ही बातमी दिली, ती छापूनही आली, आणि त्याच अंकात मेष ते मीन यांचा दिवस कसा जाईल तेही नेहमीप्रमाणे छापून आलं.

आजाराच्या बातमीत वेळ आणखी कमी. ऑगस्ट 2009 मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. शाळा बंद, चित्रपटगृहं बंद, नायडू रुग्णालयासमोर रांगा, औषधाच्या दुकानांतून मास्क गायब. त्या दिवसांत बातमीदाराचं लक्ष राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या अहवालाकडे. एरवी डॉ. आंबेडकर रस्त्यावरच्या त्या आवारात फारसं कुणी डोकावत नसे. आता संध्याकाळचा आकडा आल्याशिवाय पान एक पूर्ण होत नव्हतं. किती नमुने तपासले हे न सांगता किती बाधित एवढंच छापलं तर भीती वाढते, हे तेव्हा ज्यांनी अनुभवलं त्यांना मार्च 2020 मध्ये उपयोगी पडलं. राज्यातले कोरोनाचे पहिले रुग्णही पुण्यातच सापडले होते.

याच्या अगदी उलट बातमी नारायणगावजवळच्या खोडदहून आली. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या 30 तबकड्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या, पुण्याच्या बातमीदारांना नव्या नाहीत. जून 2023 मध्ये भारतीय गटासह जगातल्या अनेक गटांनी एकाच वेळी जाहीर केलं की पल्सार ताऱ्यांच्या ठोक्यांत अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या खुणा दिसताहेत. शोधनिबंध आधी मिळालेला, पण ठरल्या वेळेआधी छापायचं नाही असं बंधन. ती वेळ होती 29 जूनची पहाट. त्या दिवशी आषाढी एकादशी आणि बकरी ईद दोन्ही. विठ्ठलापुढे पल्सारला पान एकवर किती जागा मिळणार! पण खरी कसरत वेगळीच. शास्त्रज्ञ ‘पुरावा’ म्हणत होते, ‘शोध लागला’ म्हणत नव्हते. कारण हा संकेत योगायोगाने आला नाही, असं ठामपणे म्हणण्याइतकी संख्याशास्त्रीय खात्री अजून झाली नव्हती. हेडिंग देणाऱ्या उपसंपादकाला हा फरक फोनवर समजावणं, हेच त्या दिवसाचं निम्मं काम.

अशी माणसं वर्तमानपत्रात टिकतात किती? पुण्यातली दोन उदाहरणं बोलकी आहेत. ‘लोकसत्ता’त पाणी, हवामान, पर्यावरण यांवर लिहिणाऱ्या अभिजित घोरपडे यांनी पुढे ‘भवताल’ हे स्वतःचं व्यासपीठ उभं केलं. विज्ञान पत्रकार मयूरेश प्रभुणे यांनी पावसाच्या मागावर जाणारा ‘मेघदूत’ प्रकल्प आणि नागरिकांना निरीक्षणात सामील करून घेणारी संस्था उभारली. सखोल काम करायचं तर जागा स्वतःच तयार करावी लागते, असा हिशेब त्यांनी मांडला असावा.

इकडे कार्यालयात पुरवण्यांची पानं घटली. सिमला ऑफिसची सूचना आता बातमीदाराच्या आधी वाचकाच्या मोबाइलवर पोहोचते, पिवळा, नारिंगी, लाल अशा रंगांत. मग वाचकच फोन करून विचारतो, ‘ऑरेंज अलर्ट म्हणजे शाळेला सुट्टी का?’ उत्तर द्यायला बसतो तो बहुतेकदा त्या संध्याकाळी ज्याची ड्युटी असेल तो, क्राइमचा किंवा महापालिकेचा.