ॲनिमे मालिका सोडावी कधी?
शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंभेरीवर संत्र्याचा डोळा भरण्याआधी खुरटी, वेगळ्या वळणाची रोपं काढून टाकतात. ॲनिमेलाही हीच निवड लागते. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असा वर्षातून चारदा नव्या मालिकांचा बहर येतो. (आपल्या संत्र्याला मुख्य दोनच, आंबिया आणि मृग!) ‘तीन भाग बघा, मग ठरवा’ हा रूढ नियम. त्यासाठी तिसऱ्या भागात कथा उलटवणाऱ्या २०११ च्या ‘मादोका मागिका’चा दाखला हमखास देतात. पण बारा भागांच्या मालिकेत तीन म्हणजे पाव हिस्सा, आणि एका अपवादावर नियम कसा उभा राहणार? देखणं चित्रणही पुरावा नव्हे. स्टुडिओ सहसा पहिल्याच भागावर जास्त मेहनत घेतात.

कोणी म्हणेल, ‘स्टाइन्स;गेट’ तर अर्धी होईपर्यंत रेंगाळते, ती सुटली असती! पण तिच्या पहिल्याच भागात रक्ताच्या थारोळ्यात दिसलेली मुलगी थोड्या वेळानं जिवंत समोर येते. गती मंद, प्रश्न मात्र जागा. दोन भागांत असा एकही प्रश्न पडला नाही, तर मालिका बिनधास्त सोडा. हंगाम संपल्यावर लोकांनी वाखाणलीच, तर परत धरता येते. उपटलेल्या रोपाचं तसं नसतं. तुमची कोणती मालिका अडली आहे? विचारा.