बेटाच्या दारावरचे प्रश्न

मॉरिशसला सुट्टीसाठी जायचं तर भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट, परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचं बुकिंग, खर्चापुरते पैसे आणि निघण्यापूर्वी ऑनलाइन भरलेला एक फॉर्म, एवढं जवळ असलं की झालं. मुंबईहून थेट विमान घेतलं तर साधारण सहा तासांत निळं पाणी आणि उसाचे हिरवे पट्टे खिडकीत दिसू लागतात. हा फॉर्म बहुतेक जण विमानतळावर जाताना टॅक्सीत भरून टाकतात. माझं म्हणणं आहे, तो घरी बसून, सावकाश भरावा. एखाद्या देशाची इतकी मोठी गोष्ट इतक्या थोड्या ओळींत फार क्वचित वाचायला मिळते.

फॉर्ममध्ये नाव-गाव आणि पासपोर्टचा नंबर असतोच. पण त्याच्या आरोग्याच्या भागात विचारलेलं असतं, गेल्या काही काळात तुम्ही कोणत्या देशांत होता? तब्येत कशी आहे, ताप वगैरे आहे का? बेटावर नेमके कुठे राहणार, कोणत्या फोनवर सापडाल? हा मजकूर नुसता फायलीत पडून राहत नाही. मलेरिया असलेल्या देशांतून येणाऱ्यांची यादी मॉरिशसचं आरोग्य खातं वेगळी काढतं, आणि भारत त्या देशांत मोडतो. मग खात्याचा कर्मचारी तुमची चौकशी करू शकतो, ताप असेल तर बोटातून रक्ताचा थेंब घेऊन काचपट्टीवर तपासतो. समुद्रकिनाऱ्यावर मजा करायला आलेल्या पाहुण्याच्या पाठीमागे एक सरकार इतकं का लागतं?

उत्तरासाठी बेटाच्या जन्मापाशी जावं लागतं. मॉरिशस ज्वालामुखीतून वर आलेलं बेट आहे. ते कधीही कुठल्या खंडाला जोडलेलं नव्हतं आणि मादागास्कर त्याच्यापासून आठशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. जे उडू शकलं, तरंगू शकलं किंवा वाऱ्यावर आलं, तेवढंच तिथे पोचलं. म्हणूनच वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी तिथला मूळचा नाही, आणि मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस डासही तिथे नव्हता. मलेरियाला दोन पाय लागतात. माणसाच्या रक्तातला परजीवी हा एक आणि त्याला दुसऱ्या माणसापर्यंत नेणारा डास हा दुसरा. १८३४ पासून भारतातून मजुरांची जहाजं येत होती. त्या मजुरांपैकी कित्येकांच्या रक्तात परजीवी असणारच. पण तो नेणारा डास नसल्याने तीस वर्षं काही घडलं नाही.

१८६५च्या सुमारास कुठल्या तरी जहाजातून डासही उतरला आणि दोन्ही पाय जमले. १८६७ या एका वर्षात तापाने तीस हजारांहून अधिक माणसं गेली, आणि तेव्हा सबंध बेटाची लोकसंख्या चार लाखांनाही पोचलेली नव्हती. ज्यांना परवडलं ते राजधानी पोर्ट लुई सोडून क्युरपीपच्या थंड पठाराकडे पळाले. आजही ते पठारावरचं शहर गजबजलेलं दिसतं, त्याच्या वाढीमागे ही पळापळ आहे.

डासाचा हात त्यात आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. ते कळलं तीस वर्षांनी, सिकंदराबादेत, २० ऑगस्ट १८९७ रोजी, रोनाल्ड रॉस या डॉक्टरला डासाच्या पोटात परजीवी सापडला तेव्हा. आणि हाच रॉस, नोबेल मिळाल्यानंतर, १९०७च्या अखेरीस मॉरिशसला आला, डबकी-दलदली तपासत फिरला आणि बेटाने डासांशी कसं लढावं याचा अहवाल त्याने १९०८ साली लिहिला. दख्खनच्या एका छावणीतलं ज्ञान दहा वर्षांत हिंदी महासागर ओलांडून, जिथे त्याची सर्वांत जास्त गरज होती तिथे पोचलं. हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो.

पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीची फवारणी झाली, आणि १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेने मॉरिशस मलेरियामुक्त असल्याचं जाहीर केलं. सुटलो, असं सगळ्यांना वाटलं असणार. पण १९७५च्या फेब्रुवारीत जर्व्हेज नावाच्या चक्रीवादळाने बेट झोडपून काढलं. पडझडीनंतर नवी बांधकामं सुरू झाली, सपाट सिमेंटच्या छतांवर पाणी साचलं, त्यात ॲनोफिलीस वाढला. आणि बांधकामासाठी बाहेरून आलेल्या काही कामगारांच्या रक्तातून परजीवी परत आला. मलेरिया पुन्हा भडकला. तो दुसऱ्यांदा निपटायला दोन दशकांहून अधिक काळ गेला. डास मात्र आजही बेटावर आहे. म्हणजे दोन पायांपैकी एक कायम तिथे उभा आहे आणि दुसरा रोज विमानाने येऊ शकतो. फॉर्मवरचा तापाचा प्रश्न नेमका त्या दुसऱ्या पायासाठी आहे. तेव्हा निघण्याआधी ताप येऊन गेला असेल तर खरं लिहा, आणि तिथे गेल्यावर ताप भरला तर क्रोसिन घेऊन हॉटेलात पडून राहू नका, लगेच दवाखाना गाठा.

पीतज्वराच्या लशीचा नियमही याच जातीचा. मुंबईहून थेट जाणाऱ्याला त्याची गरज नाही. पण तिकीट स्वस्त म्हणून नैरोबीमार्गे जाणार असाल तर थांबा आणि नियम नीट वाचा, कारण पीतज्वर असलेल्या देशात मुक्काम लांबला की मॉरिशस लशीचं प्रमाणपत्र मागू शकतं. परतताना तर आपला भारतही मागतो, आणि ते नसेल तर प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतो. कारण तेच, फक्त उलट्या बाजूने. पीतज्वर वाहणारा डास आपल्याकडे मुबलक आहे, विषाणू तेवढा अजून आलेला नाही. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते. एकदा घेतली की प्रमाणपत्र जन्मभर चालतं.

पोर्ट लुईच्या बंदरात ‘आप्रवासी घाट’ आहे. २००६ पासून तो जागतिक वारसा आहे. दगडी बांधकामाचे थोडे अवशेष आणि सोळा पायऱ्या. करारावर आलेले मजूर याच पायऱ्या चढून बेटावर पाऊल ठेवत. कलकत्ता आणि मद्रासहून आले तसे ते मुंबई बंदरातूनही आले, त्यात रत्नागिरीकडची कोकणी माणसं होती. त्यांच्या वंशजांमुळेच आज मॉरिशसमध्ये शाळेत मराठी शिकता येते आणि गणेश चतुर्थीला सबंध देशाला सुट्टी असते. त्या मजुरांचीही नोंद व्हायची. नाव, बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरची खूण. १८६०च्या दशकात त्यात छायाचित्राचीही भर पडली. सामान्य मजुराचा फोटो काढून ठेवणारी कचेरी त्या काळात जगात किती ठिकाणी असेल? ते दफ्तर मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेलं आहे आणि तिथले लोक त्यात आपले पणजे-खापरपणजे शोधतात.

सगळ्यांनाच घाटाच्या पायऱ्या दिसल्या नाहीत. १८५६च्या जानेवारीत कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवर पटकीची लागण निघाली. दोन वर्षांपूर्वीच बेटाने पटकीचा कहर सोसला होता, त्यामुळे घाबरलेल्या सरकारने प्रवाशांना उत्तरेकडच्या गॅब्रिएल नावाच्या ओसाड बेटावर उतरवलं. पुरेसा निवारा नाही, पाणी नाही. शेकडो माणसं तिथेच मेली. बातमी पोचल्यावर भारत सरकारने काही काळ मॉरिशसला मजूर पाठवणंच थांबवलं. आज कॅटामरानच्या सहलीत दुपारचं जेवण आणि पोहण्यासाठी जिथे नेतात, ते हेच गॅब्रिएल. जरूर जा, पाणी तिथे काचेसारखं आहे. पण आपण कुठे उभे आहोत हे ठाऊक असू द्या.

त्याला अगदी लागून असलेल्या फ्लॅट आयलंडची कथा माझ्या मते सामानाच्या सगळ्या नियमांचा उलगडा करते. नारिंगी शेपटीची एक छोटी सापसुरळी जगात फक्त या एका बेटावर उरली होती, आणि तीही १९९५ साली कळली. २०१०च्या सुमारास तिथे चिचुंद्री पोचली. हो, आपल्या मोरीत रात्री चुकचुकत फिरते तीच. माणसांच्या ये-जा आणि सामानाबरोबरच ती अशी बेटं गाठते. वर्ष-दीड वर्षात ती सापसुरळी फ्लॅट आयलंडवरून पूर्ण नाहीशी झाली. संशोधकांनी त्याआधी काही जीव शेजारच्या दुसऱ्या बेटावर हलवले होते, म्हणून ही जात आज पृथ्वीवर आहे.

डोडो सगळ्यांना माहीत असतो. १५९८ साली डच आले आणि शतक संपायच्या आत डोडो संपला. पण त्याला माणसाने जेवढं मारलं, त्याहून जास्त नुकसान जहाजांतून उतरलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी अंडी फस्त करून केलं, असं अभ्यासक मानतात.

आता बॅग भरू या. मे महिन्यात जाणारं मराठी कुटुंब हापूसची पेटी हमखास न्यायला बघणार. नेऊ नका. ताजी फळं, भाज्या, बिया, रोपं, कलमं, माती यांना तिथे परवाना लागतो, आणि उसाचं कांडं तर नेण्याचा विचारही करू नये. त्या देशाची शेती उसावर उभी आहे, आणि एका आंब्यातली फळमाशी काय करू शकते हे आपल्या बागायतदारांना वेगळं सांगायला नको. ट्रेकिंगचे बूट नेणार असाल तर तळाच्या खाचांतली सह्याद्रीची माती ब्रशने घासून, धुऊन, वाळवून मगच भरा. चिवडा, चकली, लोणचं यांबद्दल शंका वाटली तर कस्टमच्या माणसाला आपणहून सांगा.

औषधांना डॉक्टरची चिठ्ठी हवीच, विशेषतः झोपेच्या, मानसिक आजाराच्या किंवा तीव्र वेदनेच्या गोळ्यांना. अमली पदार्थांचे कायदे तिथे फार कडक आहेत. ई-सिगारेट नेता येत नाही, सिगारेट वळायचे कागदसुद्धा नाहीत.

बाकी तयारी सोपी आहे. घड्याळ दीड तास मागे. प्लग चौकोनी तीन पिनांचा किंवा दोन गोल पिनांचा. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून. फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआयने पैसे देता येतात, तरी थोडी रोकड असू द्या. ऋतू मात्र उलटे, आणि हे तिकीट काढण्यापूर्वीच लक्षात घ्या. आपली मे महिन्याची सुट्टी म्हणजे तिथल्या कोरड्या, सुखद थंडीची सुरुवात. नाताळ ते मार्च हा चक्रीवादळांचा काळ. पाण्यात उतरताना रबरी बूट घाला, कारण दगडासारखा दिसणारा विषारी काट्यांचा स्टोनफिश उथळ पाण्यातच बसलेला असतो. नियम बदलतात, त्यामुळे निघायच्या आठवड्यात मॉरिशस सरकारच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाकाच.

आणि शेवटच्या दिवशी अर्धा दिवस राखून ठेवा. विमानतळापासून जवळच, माहेबूर गावासमोर, ईल-ओ-एग्रेत नावाचं सव्वीस हेक्टरचं बेट आहे. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन तिथलं मूळ जंगल परत उभं करत आहे. ज्या गुलाबी कबुतरांची संख्या १९९०च्या सुमारास जंगलात दहाच्या आसपास आली होती, ती इथे डोक्यावरून उडत जातात. पायाशी महाकाय कासवं चरत असतात. ही मूळची इथली नव्हेत. इथली कासवं खलाशांनी खाऊन संपवली, आणि त्यांच्याबरोबर एका एबनी झाडाचं भविष्यही अडलं. हे झाड आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातलं. त्याची फळं गिळून बिया दूरवर टाकणारं कुणी उरलं नव्हतं. मग सेशेल्सच्या अल्डाब्रा जातीची कासवं इथे सोडली. ती ही फळं आवडीने खातात, आणि त्यांच्या पोटातून गेलेल्या बिया अधिक चांगल्या रुजतात. आता ज्या भागात एकही मोठं एबनी उभं नाही, तिथेही त्याची रोपं आली आहेत. फेरी वाटाड्याबरोबरच करावी लागते आणि बोटीत जागा मोजक्या असतात, म्हणून तिचं बुकिंग विमानाच्या तिकिटाबरोबरच करून टाका.