एका दाताचा हिशेब

लष्करातून निवृत्त झालेला ट्रक ओळखायला फार हुशारी लागत नाही. त्याचा मूळ हिरवा रंग गेलेला असतो, कारण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्यापुरता राखून ठेवतो. पण उंच बांधा, पुढच्या चाकांच्या मध्येही दिसणारे हौसिंग, मोठ्या खुट्ट्यांचे टायर आणि मागे साचलेली वाहनांची रांग या खुणा रंग बदलून जात नाहीत. पुणे–सोलापूर महामार्गावर मोडनिंबच्या आसपास मी असे ट्रक पाहतो, ते बहुतेक क्रेनच्या रूपात. उलटलेला टँकर सरळ करणे, बंद पडलेला मालट्रक ओढून नेणे, ही त्यांची निवृत्तीनंतरची नोकरी.

मी तंत्रनिकेतनात बरीच वर्षे मोटारगाड्यांचा विषय शिकवला. त्यामुळे गावातल्या एका क्रेनमालकाने मला एक प्रश्न विचारला. "सर, गाडी पासष्टच्या वर जातच नाही. टेंभुर्णीकडे अपघात झाला की माझ्याआधी दुसरीच क्रेन पोचते. मिस्त्री म्हणतो, हौसिंगमधलं क्राउन-पिनियन बदलू, गाडी पळायला लागेल. बदलू का?" प्रश्न एका ओळीचा होता. त्याचे उत्तर मात्र कागद-पेन्सिल घेऊन काढावे लागले. ते उत्तर अशी गाडी असणाऱ्या, आणि अशा गाडीच्या पुढेमागे रस्त्यावर असणाऱ्या, सगळ्यांच्याच कामाचे आहे म्हणून इथे मांडतो.

आधी हे ट्रक इतके हळू का, ते पाहू. इंजिन अशक्त असते म्हणून, हा समज चुकीचा आहे. आपल्या सैन्याचा सर्वांत परिचित ट्रक म्हणजे शक्तिमान. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने तो १९५९ पासून जबलपूरला तयार होऊ लागला. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी जीएमसीचा अडीच टनी ट्रक पाच लाखांहून अधिक संख्येने बनला. त्याची वेगमर्यादा ताशी ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर होती. या गाड्यांना रस्ता मिळेल हे गृहीत धरलेलेच नव्हते. वाळू, चिखल, नदीचे पात्र, मागे जोडलेली तोफ आणि समोर उभा चढ, यांतून न थांबता जाणे हे त्यांचे काम. आपल्याकडे शर्यतीचा खिलार खोंड वेगळा आणि नांगराचा बैल वेगळा. लष्कराला नांगराचा बैल हवा होता.

बैलाचा हा स्वभाव ठरतो हौसिंगच्या पोटात. इंजिनाची फिरकी गिअरबॉक्समधून, मग लांब प्रोपेलर शाफ्टमधून मागे येते. शाफ्टच्या टोकाला छोटे दातेरी चक्र असते, ते पिनियन. ते ज्या मोठ्या चक्राला फिरवते, तो क्राउन. पिनियनला ६ दात आणि क्राउनला ४१ दात असतील, तर शाफ्टचे ६.८३ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. फेरे जितके कमी होतात, तितकी ओढ वाढते. कमावलेल्या ओढीची किंमत वेगात मोजावी लागते. फुकट काहीच मिळत नाही.

आता आकडे घालू. ९.००-२० मापाचा टायर एका फेऱ्यात सुमारे ३.१ मीटर अंतर कापतो. इंजिन मिनिटाला २४०० फेरे मारत असेल आणि वरचा गिअर सरळ म्हणजे एकास एक असेल, तर चाक मिनिटाला ३५१ फेरे मारते. गाडीचा वेग होतो ताशी ६५ किलोमीटर. याच जागी ७ दातांचे पिनियन आणि त्याच्या जोडीचा ४१ दातांचा क्राउन बसवला, तर प्रमाण ५.८६ होते आणि वेग ताशी ७६ किलोमीटर. इंजिन तेच, टायर तेच; पिनियनला एक दात वाढला आणि ११ किलोमीटर मिळाले. प्रत्येक गाडीचे दात वेगळे असतात, पण हिशेबाची रीत हीच.

हा प्रयोग फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकी सैन्यातून निघालेले एम १०७८ जातीचे ट्रक घेऊन तिकडचे हौशी लोक त्यांची फिरती घरे बनवतात. त्या गाडीत फेरे दोन टप्प्यांत कमी होतात: मधल्या हौसिंगमध्ये ३.९० पट आणि चाकाच्या तुंब्यात आणखी दोन पट. हे हौशी लोक तुंब्याला हात न लावता मधली जोडी ३.०७ ची बसवतात आणि वेग जवळजवळ सव्वापट होतो. म्हणजे कल्पना वेडगळ नाही. वाढलेल्या दाताचा खर्च कुठे कुठे पडतो, एवढे आधी मोजले पाहिजे.

पहिला खर्च ओढीचा. वेग एक-षष्ठांशाने, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांनी वाढला, तर त्याच गिअरमधली ओढ एक-सप्तमांशाने, म्हणजे सुमारे १४ टक्क्यांनी कमी होते. दहा टनांची क्रेन सोळा टनांचा ट्रक ओढते आहे असे धरा. सपाट डांबरावर एकूण वजनाच्या दीड टक्का विरोध धरला, तर ३९० किलोंची ओढ पुरते. उड्डाणपुलाचा तीन टक्के चढ लागला की आणखी ७८० किलो लागतात, एकूण ११७०. म्हणजे मोडनिंबच्या सपाटीवर जे जाणवणार नाही ते पुलाच्या चढावर जाणवेल: गिअर आधी पाडावा लागेल आणि चढावर गाडी उचलताना क्लच जास्त झिजेल.

इथे लष्करी गाडीला एक सोय असते. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते आणि तिच्यात 'लो'चा गिअर. तो टाकला की ओढ साधारण दीड ते दोन पट होते. चौदा टक्के गमावलेली ओढ त्यातून सहज भरून निघते. जाताना 'हाय', ओढताना 'लो'. साध्या मालट्रकला हे जमत नाही.

पण या सोयीतच मोठा धोका दडलेला आहे. अशा बहुतेक गाड्यांत 'लो' टाकायचा तर पुढचा एक्सलही जोडावा लागतो. मिस्त्रीने फक्त मागची जोडी बदलली, तर मागची चाके सात मीटर जाऊ पाहतात तेव्हा पुढची सहाच मीटर जाऊ पाहतात. चिखलात चाक घसरून हा फरक पचतो. कोरड्या डांबरावर तो पचत नाही. ताण शाफ्टमध्ये साठत जातो आणि सर्वांत कच्चा भाग तुटतो. म्हणून नियम एकच: बदलायचे तर दोन्ही एक्सल, आणि प्रमाण नेमके तेच. मागची जोडी बाजारात मिळते, पुढची मिळता मिळत नाही; बहुतेक बेत इथेच अडतात. पुढचा शाफ्ट काढून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तसे केले तर ज्या गुणासाठी गाडी घेतली तोच गुण गेला.

क्राउन आणि पिनियन हे जोडीनेच घडवलेले असतात. कारखान्यात त्यांचे दात एकमेकांवर घासून जुळवतात आणि दोघांवर एकच जोडी-क्रमांक टाकतात. एका गाडीचे पिनियन आणि दुसरीचा क्राउन घेऊन संसार थाटता येत नाही. नवी जोडी बसवताना शिम घालून पिनियनची खोली ठरवायची, दातांमधली मोकळीक म्हणजे बॅकलॅश डायल गेजने मोजायचा, दातांना रंग लावून फिरवायचे आणि डाग कुठे उमटतो ते पाहायचे. डाग दाताच्या मधोमध आला तर जोडी जुळली. टोकाला किंवा मुळाशी आला, तर आधी हौसिंग किणकिणेल आणि काही हजार किलोमीटरांत दात उडतील. हे काम एका दिवसात होते असे सांगणारा मिस्त्री डाग पाहत नसावा.

दुसरा खर्च हवेचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी शक्ती घनाने. वेग सात-षष्ठांश पट झाला की हवेपोटी लागणारी शक्ती सुमारे ५९ टक्क्यांनी वाढते. क्रेनचा उभा चौकोनी दर्शनी भाग या बाबतीत सर्वांत वाईट. जुन्या इंजिनात एवढा दम शिल्लक नसेल, तर कागदावरचे ७६ रस्त्यावर कधी दिसणारच नाहीत. इंजिन तापेल, धूर वाढेल आणि डिझेल जास्त जाईल.

तिसरा खर्च माणसांचा. धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ६५ वरून ७६ वर गेलो की ब्रेकच्या ड्रमांना ३६ टक्के जास्त ऊर्जा गिळावी लागते. ब्रेक बऱ्यापैकी चांगले धरले आणि चालकाला भानावर यायला एक सेकंद दिला, तर ६५ ला गाडी सुमारे ५९ मीटरांत थांबते आणि ७६ ला ७७ मीटरांत. फरक अठरा मीटरांचा. हंगामात या रस्त्यावर दिवे नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर असतात, आषाढी-कार्तिकीला पंढरपूरकडे वळणाऱ्या दिंड्या असतात, दुभाजकाच्या फटीतून अचानक निघणारी मोटारसायकल असते. अठरा मीटर म्हणजे एक अख्खी ट्रॉली आणि तिच्यामागे चालणारी माणसे.

त्यात एक छुपा सापळा आहे. जुन्या गाड्यांचा वेगमापक गिअरबॉक्स किंवा ट्रान्सफर केसपाशी शाफ्टचे फेरे मोजतो. पुढे हौसिंगमध्ये काय बदलले हे त्याला कळत नाही. जोडी बदलल्यावर काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात ७० ने धावत असेल. वेगमापकाचे छोटे चक्र बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

कायद्याचेही पाहायला हवे. २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावर मालवाहू गाडीची कमाल मर्यादा ताशी ८० आहे. म्हणजे ७६ च्या पुढचा प्रत्येक दात जवळजवळ वाया जाणारच. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या रचनेत फेरफार करायला मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ते कडकपणे वाचले आहे. त्यामुळे आरटीओला आधी लेखी विचारावे. अपघातानंतर विमा कंपनी हाच प्रश्न विचारणार असते.

आता मूळ प्रश्नाकडे. पंचवीस किलोमीटरवरच्या अपघाताला ६५ ने पोचायला २३ मिनिटे लागतात, ७६ ने जवळजवळ २० मिनिटे. कमाई तीन मिनिटांची. दबलेल्या केबिनमध्ये चालक अडकलेला असेल आणि १०८ ची रुग्णवाहिका बाहेर उभी असेल, तेव्हा तीन मिनिटे थोडी नसतात. म्हणून मी मालकाला सरळ 'नको' म्हटले नाही. क्रम सांगितला. आधी ब्रेकचे ड्रम आणि लायनर. मग टायर: त्यांच्यावरचे शेवटचे चार आकडे कितव्या आठवड्यात, कोणत्या वर्षी ते बनले हे सांगतात, नक्षी शिल्लक असली तरी म्हातारा टायर वेगात तापून फुटतो. मग चाकांचे बेअरिंग आणि स्टिअरिंगचे सांधे. मग दोन्ही एक्सलच्या जुळलेल्या जोड्या आणि वेगमापक. दात सर्वांत शेवटी. यातल्या पहिल्या कामांना पैसे पुरत नसतील, तर शेवटचे काम करायचेच नाही.

हे सगळे केल्यावरही तो दात कशावर खर्च करायचा, हे ठरवायचे उरतेच. जुन्या जोडीवर ताशी ६० ला इंजिन मिनिटाला सुमारे २२०० फेरे मारत होते. नव्या जोडीवर त्याच वेगाला ते १८९० मारेल. आवाज उतरतो, इंजिन गार राहते, सपाटीवर डिझेलही वाचते. माझ्या मते या बदलाचा खरा फायदा हाच आहे. घाईची तीन मिनिटे क्वचित लागतात. इंजिनाचा विसावा रोजच्या प्रत्येक किलोमीटरला मिळतो. मालकाला मी शेवटी एवढेच म्हणालो, "दात बसवा, पण रोजचा वेग साठच ठेवा. पंधरा किलोमीटर हाताशी राहू द्या. केबिनमध्ये माणूस अडकलाय असा फोन येईल, त्या दिवशी ते वापरा."