मोबाईल दादाकडं असतो, सर

सकाळी साडेनऊला मी ग्रुपवर लिंक टाकायचो आणि दहाला मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर बसायचो. २०२० चे जुलै-ऑगस्टचे दिवस. नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं ज्युनिअर कॉलेज, बारावी सायन्सला मी फिजिक्स शिकवतो. पटावर चौऱ्याऐंशी पोरं, स्क्रीनवर एकवीस. त्यातली सात-आठ जण ‘सर, आवाज येत नाही’ एवढं बोलून गायब व्हायची. उरलेल्यांचे कॅमेरे बंद. काळ्या चौकोनांना मी किरचॉफचे नियम शिकवायचो आणि मधूनच विचारायचो, ‘समजलं का?’ चौकोन काय बोलणार!

वर्गात हा प्रश्न मी सहसा विचारतच नाही. गरज पडत नाही. तिसऱ्या बाकावरच्या पोराची पेन्सिल थांबली, की आपण एक पायरी गाळली हे कळतं. ऑनलाइनमध्ये माझा आवाज जात होता, फळा दिसत होता, पण ती पेन्सिल मला दिसत नव्हती.

मग मी आकडे बघायला लागलो. कुणी जॉइन केलं, कुणी मेसेज वाचला, कुणाच्या टिका निळ्या झाल्या. एका मुलीच्या टिका दिवसभर राखाडीच असायच्या. मुखेडकडच्या एका तांड्यावरची ही मुलगी. अकरावीला पहिल्या बाकावर बसायची, पण वर्षभरात तोंडातून शब्द निघाला नव्हता. एक दिवस वैतागून मी ग्रुपवर लिहिलं, ‘ज्यांना शिकायचंच नाही त्यांनी ग्रुप सोडावा. कुणावर बळजबरी नाही.’ नाव घेतलं नव्हतं, पण डोक्यात तीच होती.

रात्री अकरा चाळीसला तिचा मेसेज आला. इंग्रजी अक्षरांत मराठी. ‘सर, मला ग्रुपमधून काढू नका. मोबाईल दादाकडं असतो. तो रात्री आला की देतो. मी रोज बघते, पण तास संपलेला असतो.’ खाली एक फोटो होता, वहीचं पान. सकाळी दिलेलं उदाहरण सोडवलेलं, आणि विचारलं होतं, बरोबर आहे का. बरोबर नव्हतं. लूप फिरताना एका ठिकाणी अधिकचं चिन्ह उणे झालं होतं. ही चूक उदाहरण बघून उतरवणाऱ्याची होत नाही, स्वतः डोकं लावून सोडवणाऱ्याचीच होते.

मला त्या रात्री झोप लागली नाही वगैरे लिहिणार नाही. लागली. सकाळी उठून ग्रुपवरचा तो मेसेज डिलीट करायला गेलो, तर चौसष्ट जणांनी वाचला होता.

पुढं ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ अहवालात याच गोष्टीचे आकडे वाचले. २०२१ मध्ये ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्यातल्याही जवळपास २६ टक्के मुलांच्या हाती तो येत नव्हता. २०२३ ला त्यांनी १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी केली. महाराष्ट्रातून त्यासाठी आपला नांदेड जिल्हाच घेतला होता. देशभरातलं चित्र असं निघालं की, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडं स्वतःचा फोन आहे, मुलींमध्ये हे प्रमाण फक्त १९.८ टक्के. घरात फोन असणं वेगळं आणि दुपारी दोनला हातात असणं वेगळं. हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही सुचलं नव्हतं.

लाइव्ह तास मी बंद केला. वहीच्या पानावर स्वच्छ अक्षरात उदाहरण सोडवायचं, त्याचा फोटो काढायचा आणि सोबत पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकायचा. डेटा कमी लागतो, तांड्यावरच्या रेंजलाही उतरतो, आणि रात्री बारालाही ऐकता येतो. गंमत म्हणजे रात्री दहा ते साडेबारा या वेळेत मला जेवढ्या शंका आल्या, तेवढ्या वीस वर्षांत वर्गात आल्या नव्हत्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलींच्या. वर्गात सगळ्यांसमोर हात वर करायला जी लाजते, ती मेसेजमध्ये चार-चार वेळा विचारते, ‘सर, पुन्हा सांगा.’ तंत्रज्ञानानं मला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी स्मार्ट बोर्डाचं नाव घेणार नाही. या शंका सांगेन.

दसऱ्याच्या सुमाराला तिच्या टिका पुन्हा राखाडी झाल्या, आणि या वेळी रात्रीसुद्धा निळ्या होईनात. शेजारच्या गावातल्या एका पोरानं सांगितलं, ‘सर, तिचा दादा-वहिनी ऊसतोडीला गेले. उचल घेतली होती. मोबाईल त्यांच्याबरोबर गेला.’ मुखेड, कंधार, इकडं जळकोट, अहमदपूर, या पट्ट्यात हे नवीन नाही. नवरा-बायकोची एक जोडी म्हणजे एक कोयता. गाडीत बिऱ्हाड जातं, लेकरं जातात. पण त्या बिऱ्हाडात एका पोरीची बारावीही जाते, हे मी पहिल्यांदा बघत होतो. ती आजीपाशी तांड्यावर राहिली होती.

मग मी झेरॉक्सच्या दुकानात गेलो. हसू नका. मी लातूरला अकरावी-बारावी केली ती १९९८ च्या आगेमागे. लातूर पॅटर्नचा बोलबाला होता, शाहू आणि दयानंदची पोरं मेरिट लिस्टमध्ये झळकायची, आणि आम्ही बाकीचे त्यांच्या नोट्सच्या झेरॉक्ससाठी रांगा लावायचो. झेरॉक्सची झेरॉक्स, त्याची पुन्हा झेरॉक्स, शेवटी आकृती काळी पडायची. आज उद्योग भवनाच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडला श्यामनगर-भाग्यनगरात गेलात तर पोरांच्या हातात टॅब दिसतात. पण सराव, चाचणी, चुकलेलं पुन्हा सोडवणं, त्या पॅटर्नचा गाभा तेव्हाही हाच होता आणि त्याला वीज लागत नव्हती. तर, सव्वाशे पानांचा गठ्ठा केला आणि त्या पोराच्या गाडीवर तांड्यावर पाठवला. आठ दिवसांनी त्याच गाडीवर सोडवलेली उदाहरणं परत आली. ते तपासून पुन्हा पाठवायचे. इंटरनेट नाही, पण अपलोड-डाऊनलोड दोन्ही चालू!

त्याच डिसेंबरात, ३ तारखेला, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी ‘ग्लोबल टीचर प्राइझ’चे मानकरी ठरले. दहा लाख डॉलर, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. बातम्यांमध्ये सगळीकडं क्यूआर कोड होते, पाठ्यपुस्तकात कोड छापायची त्यांची कल्पना. मला मात्र त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. त्यांच्या शाळेतल्या पोरांची घरची भाषा कन्नड, पुस्तकं वेगळ्या भाषेत. गुरुजी आधी पोरांची भाषा शिकले. कोडच्या मागं पोरांना समजेल असं काहीतरी होतं, म्हणून तो कोड चालला.

आपल्याकडं तर हा प्रश्न पावलोपावली आहे. देगलूर-धर्माबादेत तेलुगू, उदगीर-देवणीत कन्नड, किनवट-माहूरला गोंडी आणि कोलामी, तांड्या-तांड्यावर गोरमाटी. त्या मुलीनं नंतर एकदा सांगितलं की, ‘विभवांतर’ हा शब्द मराठीत ऐकला काय नि इंग्रजीत ऐकला काय, तिला सारखाच परका होता. ‘टाकीतल्या पाण्याच्या उंचीतला फरक’ असं मी एका व्हॉइस मेसेजमध्ये म्हणालो, तेव्हा तिला ते उमगलं. तो मेसेज तिनं सहा वेळा ऐकला होता.

कॉलेज उघडल्यावर प्रॅक्टिकल सुरू झाली. लॉकडाऊनमध्ये काही पोरांना मी ‘फेट’ची सिम्युलेशन्स दिली होती. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम, फुकट आहे, मराठीतही आहे, जरूर बघा. स्क्रीनवर कॉइलमध्ये चुंबक सरकवलं की बल्ब पेटतो. माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी त्यात पटाईत झाला होता. लॅबमध्ये त्याला खरी तांब्याची तार, खरं चुंबक आणि गॅल्व्हॅनोमीटर दिलं. काटा हलेना. चुंबक जोरात हलवलं, वेढे वाढवले. नाहीच. शेवटी मागच्या बाकावरचा एकजण उठला. याच्या मामाचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. त्यानं ब्लेड घेतलं, तारेच्या दोन्ही टोकांवरचं इनॅमल खरवडलं, जोडलं. काटा टुणकन उडाला. स्क्रीनवरच्या तारेला इनॅमल नसतं. मी सिम्युलेशन बंद केलं नाही, पण आता आधी तार खरवडायला लावतो, मग स्क्रीन दाखवतो.

एआयचंही असंच काहीसं चाललंय. २०२३ पासून असाइनमेंट अशा येतात की वाचून मलाच न्यूनगंड यावा. मी पकडापकडी खेळत नाही. वही बंद करायला सांगतो आणि फळ्यापाशी बोलावतो, ‘तिसरी पायरी का केली?’ काहीजण सांगतात. त्यांनी एआय वापरलं असलं तर असू दे. पण बरेचजण खडू हातात धरून नुसते उभे राहतात, आणि ती शांतता मला त्या काळ्या चौकोनांसारखी वाटते.

हे सगळं नंतरचं. त्या मुलीचं सांगायचं राहिलं. २०२१ ची बोर्डाची परीक्षा रद्द झाली, दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीचे ४० टक्के धरून निकाल लागला. ती पास झाली आणि बीएस्सीला गेली. ऑक्टोबरात एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला, दुपारी दोनला. ‘सर, हा माझा नंबर आहे. माझा स्वतःचा. सेव्ह करा.’

मी अंगठा पाठवला. लगेच पुढचा मेसेज आला. ‘सर, स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचाय. आधारला दादाचा नंबर आहे, ओटीपी त्याच्याकडं जातोय आणि तो परत ऊसतोडीला गेलाय. काय करू?’